साध्या टायरवर लॉन्च: पहिल्या साठ फुटांत ताकद रोखायची असते

निपाणीच्या एका तरुणाने ड्रॅग रेसबद्दल विचारलंय, म्हणजे उभ्या गाडीने सुटून पाव मैल सरळ पळायची शर्यत. त्यातलं सुटणं म्हणजे लॉन्च. त्याच्याकडे पोलो १.० टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर, रिमॅपनंतर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली मांडणी बदलल्यावर, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) २३० दिसला. तो लिहितो, "काका, ताकद वाढली पण टायमिंग सुधारलं नाही, उलट बिघडलं. क्लच सोडला की पुढची चाकं जागेवर फिरतात, स्टिअरिंग हातात ओढ घेतं, पहिल्या साठ फुटांना २.८ सेकंद लागतात. सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ शर्यतीचे टायर घ्यायला पैसे नाहीत. ज्या टायरवर रोज येतो-जातो त्याच टायरवर काय करता येईल?" सुटताना पुढून धडधड होते अशी तक्रारही आहे, आणि शेवटच्या ओळीत अलॉय चाकांची चौकशी.

बरंच करता येईल. २.८ चे २.४ होतील, आणि त्यासाठी इंजिनाला एक रुपयाही लावायचा नाही. पण आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घे, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. गाडी सुटताना किती ताकद वापरायची हे इंजिन ठरवत नाही, टायर ठरवतं. टायर जेवढं उचलेल तेवढंच त्याला द्यायचं. त्याच्यापेक्षा पाच टक्के जास्त दिलंस तर पाच टक्के वाया जात नाहीत, हातात होतं त्यातलंही निसटतं, कारण घसरणाऱ्या रबराची पकड ही धरून असलेल्या रबरापेक्षा कमी असते.

कागद-पेन्सिल घे, हिशोब करून दाखवतो. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून इंजिनाचा टॉर्क साधारण १५ पट होतो असं धरू. २३० गुणिले १५, त्यातून दहा टक्के गिअरबॉक्समध्ये गेले, आणि टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर. म्हणजे पुढची दोन चाकं मिळून रस्त्याला साधारण १०५० किलोच्या जोराने मागे ढकलायला बघतात. आता रस्ता किती सोसतो? तुझ्यासकट गाडी ११५० किलो धरू. त्यातलं ६० टक्के, म्हणजे ६९० किलो, उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर असतं. गाडी पळायला लागली की वजन मागे सरकतं आणि पुढे ५७०-८० किलोच उरतात. चांगल्या डांबरावर चांगल्या टायरची पकड वजनाच्या ०.९ पट धरली तर हाती लागतात ५२० किलो. इंजिन देतंय १०५०, रस्ता घेतोय ५२०. अर्धी ताकद फक्त रबर जाळतेय. उलटा हिशोब मांडलास तर पहिल्या गिअरमध्ये तुला इंजिनाचे ११५ ते १२५ न्यूटन-मीटरच लागतात. कंपनीचे १७५ सुद्धा जास्तच होते. म्हणून रिमॅपनंतर टायमिंग बिघडलं यात नवल काहीच नाही.

याच हिशोबाने साठ फूट, म्हणजे १८.२९ मीटर, काढून बघ. घड्याळ गाडी फूटभर सरकल्यावर सुरू होतं हे त्यात धर, ते का ते शेवटी सांगतो. चाकं घसरत गेली आणि पकड ०.७ वर आली तर साधारण २.८ सेकंद येतात. तुझा आकडा तोच आहे. पकड ०.९ धरून राहिली तर २.५, आणि १ पर्यंत नेता आली तर २.४ च्या आसपास. साठ फुटांत वाचलेला एक दशांश पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, संपेपर्यंत दीड दशांशाच्या आसपास होतो. चार दशांश वाचले तर शेवटी अर्ध्या सेकंदाहून जास्त हातात येतो.

वजन मागे सरकतं म्हणजे काय, हे निपाणीच्या माणसाला तरी समजावून सांगायला लागू नये. आमच्या घरी बैलगाडी होती. उसाचं ओझं मागे जास्त पडलं की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं, आणि बैलांचे पाय जमिनीला नीट लागायचे नाहीत. बैल तेच, जोर तोच, पण खूर नुसते माती उकरायचे. वडील मग मोळ्या उतरवून धुरेकडे सरकवायचे. तुझ्या पोलोत पुढची दोन चाकं म्हणजे ते बैल. गाडी सुटताना नाक वर उचललं, मागचा भाग बसला, की गाडी उलाळ झाली. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीच्या लॉन्चमध्ये जे काही करायचं ते या उलाळ होण्याविरुद्ध करायचं.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं साधन खडू आहे. खरंच सांगतो, शाळेतला पांढरा खडू.

गाडी सपाट जागेवर उभी कर. पुढच्या टायरच्या बाजूवर जाड पांढरी रेघ मार आणि त्याच रेषेत जमिनीवर दुसरी. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून रेघ पूर्ण एक फेरा फिरून खाली येऊ दे आणि तिथे तिसरी रेघ मार. टेपने अंतर मोज. १८५/६० आर१५ टायरला कागदावर १.८९ मीटर येतात, गाडीच्या वजनाने टायर दबलेलं असतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल. म्हणजे न घसरता साठ फूट जायला चाकाने पावणेदहा फेरे घ्यायला हवेत. मग मित्राचा अ‍ॅक्शन कॅमेरा पुढच्या दरवाजाला घट्ट बसवून, चाकाकडे तोंड करून, स्लो-मोशनवर लाव. साठ फुटांवर जमिनीवर जाड आडवी पट्टी ओढ म्हणजे व्हिडिओत दिसेल. लॉन्च कर आणि घरी बसून फेरे मोज.

अकरा-सव्वाअकरा फेरे आले तर तू उत्तम करतोयस. टायर पूर्ण पकड देतं ते अजिबात न घसरता नाही, दहा ते वीस टक्के जास्त फिरताना देतं. तेरा-चौदा आले तर तू धूर काढतोयस. आणि पावणेदहा-दहाच आले, टायरचा आवाजही नाही, तर तू घाबरून हळू सोडतोयस. मुलं ही तिसरी चूक कबूल करत नाहीत, पण फेरे मोजले की लपत नाही. वेळ मोजणारी जीपीएसची पेटी, ड्रॅगीसारखी, असेल तर आकडा मिळतो. पण आकडा का बिघडला हे पेटी सांगत नाही, खडू सांगतो.

दुसरं काम पायाचं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, मी काम शिकलो तिथले थोरले फिटर कन्नड बोलायचे. नवा क्लच बसवून गाडी बाहेर काढताना मागून एकच हाक यायची, "निधान बिडु". हळू सोड. मला तेव्हा वाटायचं, क्लच जळू नये म्हणून सांगतात. स्ट्रिपवर उभा राहिलो तेव्हा कळलं की लॉन्चचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत आहे.

क्लचवरून पाय झटक्यात काढलास की फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या जड चकतीत, साठलेला सगळा जोर एका क्षणात टायरवर पडतो. टायर सुटलं की मग अ‍ॅक्सिलरेटर कमी करून ते परत धरायला अर्धा सेकंद जातो. म्हणून टाच फरशीला टेकवून ठेव. मांडीने पाय उचलायचा नाही, टाचेवर घोटा फिरवून पेडल सोडायचं. जिथे क्लच पकडायला लागतो तिथपर्यंत भरकन ये, तिथे थांब, आणि गाडी दोन-तीन मीटर जाईपर्यंत त्याच जागेच्या आसपास पाय धरून ठेव. त्या वेळात क्लच घसरतोय, टायर नाही. घसरायचंच असेल तर क्लचने घसरावं, टायरने नाही. मग उरलेला क्लच सोड आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर भरत जा. पूर्ण दाबायला घाई करू नकोस. साठ फुटांवर तुझा वेग ताशी ४५-४६ किलोमीटर असेल, म्हणजे हा सगळा खेळ पहिल्या गिअरमध्येच होतो.

आरपीएम किती? टर्बो गाडीत ३००० वर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, तयार असतो, तिथून सोडलंस तर तुला काही सुचायच्या आत चाकं फिरतील. २२०० पासून सुरू कर. तीन लॉन्च एकाच आरपीएमवर, मग २५० ने वाढव, परत तीन. प्रत्येक वेळी वहीत लिही: आरपीएम, हवा, फेरे, वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा आणि आरपीएम दोन्ही एकदम बदललंस तर कशाने फरक पडला ते तुला कधीच कळणार नाही. आणि तीन लॉन्चनंतर दहा-पंधरा मिनिटं बॉनेट उघडून गाडीला गार होऊ दे. क्लचचा जळका वास आला की त्या दिवसापुरतं थांब.

गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर बंद करूनही बघ आणि चालू ठेवूनही बघ. बऱ्याच गाड्यांत ते घसरण दिसताच इंजिनाचा गळाच दाबतं आणि परत सोडायला उशीर करतं. पण तुझा पाय अजून शिकलेला नसेल तर सुरुवातीला चालू ठेवून चांगलं टायमिंग येऊ शकतं. त्यात कमीपणा नाही.

आता टायर. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

टायर जमिनीला किती टेकतं? एका पुढच्या चाकावर ३४५ किलो आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर. भागाकार कर, साधारण १५० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाचा पंजा बोटांसकट पसरला की एवढी जागा होते. दोन पंजांवर तू ११५० किलो ओढतोयस. हवा २७ वर आणलीस तर हीच जागा १८० च्या आसपास जाते. म्हणून हवा कमी केली की फायदा होतो, हे खरं.

पण किती कमी? ड्रॅग स्लिक, म्हणजे शर्यतीचे बिनखाचांचे टायर, बारा-पंधरा पीएसआयवर चालवतात हे व्हिडिओत बघून पोरं साध्या रेडियलची हवा १८ वर आणतात. स्लिकची बाजू सुरकुत्या पडण्यासाठीच बनवलेली असते, तुझ्या टायरची नाही. साध्या टायरमध्ये जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याखाली (ट्रेडखाली) पोलादी तारांचा थर असतो. हवा फार कमी झाली की मधला भाग वर उचलला जातो आणि फक्त दोन्ही कडा टेकतात. जागा वाढायच्या ऐवजी घटते, आणि पाव मैलाच्या शेवटी १३० च्या वेगात ती गाडी हलायला लागते. पुढे ३२ वरून २ ने कमी करत ये. तुझ्या गाडीला २६ ते २८ मध्ये कुठेतरी उत्तर मिळेल. २४ च्या खाली जाऊ नकोस. मागची चाकं फक्त वाहून न्यायची आहेत, त्यांत ३८ भर, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून.

उत्तर मिळालं हे कसं ओळखायचं? परत खडू. टायरच्या पट्ट्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ मार, दोन-तीन ठिकाणी. एक लॉन्च कर, साठ फुटांवर थांब आणि खाली वाकून बघ. रेघ सगळीकडे सारखी पुसली असेल तर हवा बरोबर. मधेच पुसली आणि कडांना खडू राहिला तर हवा जास्त. कडा स्वच्छ आणि मधे पांढरं राहिलं तर कमी. एकच कड पुसली असेल तर अलाइनमेंटकडे जा. पट्ट्यावरून बोट फिरव. रबराच्या बारीक गोळ्या बोटाला लागल्या, जशा खोडरबराने घासल्यावर कागदावर उरतात, तर टायर काम करतंय. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत लागला आणि निळसर झाक दिसली तर तू त्याला जाळलंयस.

हवा मोजायची ती नेहमी एकाच गेजने आणि टायर कुठल्या अवस्थेत आहे ते लिहून. साधारण पाच-सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. डिसेंबरात बेळगावची सकाळ आणि चेन्नईची दुपार यांत दोन-तीन पीएसआयचा फरक सहज पडतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे, हवा विरळ. खाली गेलं की इंजिन जास्त भरून ओढतं. इथे बसवलेलं लॉन्च तिथे पहिल्या धावेला घसरलं तर घाबरू नकोस, आरपीएम दोन-तीनशेने उतरव.

टायरच्या मापाबद्दल. तुझ्या मनात १७ इंची अलॉय आहेत, असं तुझ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीवरून वाटतंय. लॉन्चसाठी घेणार असशील तर घेऊ नकोस. २०५/४५ आर१७ ची बाजू ९ सेंटिमीटर, १८५/६० आर१५ ची ११. ती बाजू सुटतानाचा झटका पोटात घेते. बाजू बुटकी झाली की झटका थेट पट्ट्याला जातो आणि टायर लवकर सुटतं. शिवाय मोठं चाक जड असतं, फिरवायलाही ताकद खातं. १५ इंचीवरच राहा आणि पैसे आले की त्याच मापात मऊ रबराचं टायर घे. टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असेल तर बघ. ४०० चं टायर जास्त टिकतं, २०० चं जास्त धरतं. आणि वय बघ: बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पट्टा कितीही खोल दिसू दे, पाच-सहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक झालेलं असतं. नख दाबून बघ, खूणसुद्धा उमटत नाही. तशा टायरवर कुठलीही युक्ती चालत नाही.

बर्नआउटबद्दल, म्हणजे जागेवर चाकं फिरवून टायर तापवण्याबद्दल, थोडक्यात: करू नकोस. स्लिकला तापवावं लागतं, साध्या टायरला जास्त तापवलं की वरचा थर तेलकट होतो आणि पकड जाते. चाकं पुसण्यापुरती एक-दोन सेकंद फिरव, खाचांतले खडे आणि धूळ उडू दे, बस. स्ट्रिपवर पाणी टाकलेला भाग असतो, त्याला वळसा घालून जा. त्यातून गेलास तर खाचांत पाणी भरतं, मडगार्डच्या आत उडतं आणि नेमकं लाइनवर उभा असताना टायरसमोर टपकतं. मी हे अनेकांच्या बाबतीत बघितलंय. गाडी बिचारी कोरड्या ट्रॅकवर ओल्या टायरने सुटते.

आपल्याकडच्या बहुतेक धावा विमानाच्या धावपट्टीवर होतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची व्हॅली रन, पूर्वी बंगळुरूच्या जक्कूरला होणाऱ्या शर्यती, सगळ्या तशाच. कायमस्वरूपी ड्रॅग स्ट्रिपवर चिकट द्रव फवारून, रबर घासून थर बसवलेला असतो, तसं इथे धरून चालायचं नाही. म्हणून लेनमधून पहिले वीस मीटर पायी चालत जा. बुटाचा तळ घासत चाल. कुठे सरकतो, कुठे धरतो ते पायाला कळतं. आधीच्या गाड्यांनी काळे पट्टे पाडले असतील तर चाकं त्यावर येतील अशी गाडी उभी कर. सांडलेलं तेल किंवा कूलंट दिसलं तर लाज न बाळगता अधिकाऱ्यांना सांग. आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, लाल माती असेल तर लाइनवर जाण्याआधी टायर फडक्याने पूस. खानापूरकडच्या पोराला हे सांगायला नको, ती माती काय चिकटते ते त्याला ठाऊक आहे.

आता यंत्राचा भाग. तू लिहिलंयस की सुटताना पुढून धडधड आवाज येतो आणि बॉनेट उड्या मारतं. मला तुझ्या सगळ्या प्रश्नात याचीच जास्त काळजी वाटते. त्याला व्हील हॉप म्हणतात. टायर धरतं, सुटतं, परत धरतं, सेकंदाला अनेक वेळा. प्रत्येक वेळी इंजिन आपल्या माउंटवर, म्हणजे रबरी आधारांवर, मागे-पुढे झोके खातं आणि तो हिसका ड्राइव्ह शाफ्टवर बसतो. माझ्या पहिल्या गाडीत मी याकडे दुर्लक्ष केलं. वाटलं, ताकदीची गाडी आहे, थोडी थरथरणारच. तिसऱ्या लॉन्चला कडाक् आवाज आला आणि इंजिन मोकळं फिरायला लागलं. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा, सीव्ही जॉइंटचा, पिंजरा फुटून गोळ्या त्यावरच्या रबरी टोपणात सांडल्या होत्या. वर्षभर साठवलेले पैसे गेले, आणि गाडी दोरीने ओढत घरी आणावी लागली. नंतर खाली झोपून बघितलं तर खालच्या टॉर्क माउंटचं रबर दोन बाजूंनी चिरलेलं होतं. ते आधी बघितलं असतं तर किरकोळ पैशांत काम झालं असतं.

तेव्हा धडधड झाली की त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर सोड, कितीही चांगली धाव असू दे. मग खालचं टॉर्क माउंट, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंट, लोअर आर्मचे बुश हे सगळं पहारीने हलवून बघ. ढिलं असेल ते बदल. टॉर्क माउंटला पॉलियुरेथेनचा कडक बुश बसतो, केबिनमध्ये थोडी थरथर वाढते, पण हॉपला जेवढा लगाम त्याने बसतो तेवढा या पैशात दुसऱ्या कशाने बसत नाही.

उलाळ होण्याविरुद्ध मागची बाजू कडक ठेवायची. मागचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर थकले असतील तर आधी ते बदल. पुढचं नाक झटकन वर येऊ नये म्हणून पुढच्या शॉकचा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडतानाचा विरोध, कडक लागतो, पण त्यासाठी समायोजन असलेले डॅम्पर हवेत, ते आत्ता नको. डिकी रिकामी कर: स्टेपनी, जॅक, मागच्या सीटखाली राहिलेली पाण्याची बाटली, सगळं. टाकी पाव भरलेली असू दे. मागून ३५ किलो काढलेस तर दोन फायदे होतात, गाडी हलकी होते आणि उरलेल्या वजनात पुढचा वाटा वाढतो. साठ फुटांत तीन-चार शतांश मिळतात. पण धाव संपली की स्टेपनी परत डिकीत, रस्त्यावर तिच्याशिवाय जायचं नाही. पुढचं टो शून्याच्या जवळ ठेव, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं सरळ समोर, आणि दिसायला चांगलं म्हणून कॅम्बर बदलून चाकं वरून आत झुकवलेली असतील तर सरळ कर, नाहीतर आतली कडच टेकते.

पैसे आले की पहिला खर्च टायरवर, दुसरा मर्यादित घसरणीच्या डिफरन्शियलवर, म्हणजे एलएसडीवर. डिफरन्शियल इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटतं. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला पकड कमी तेच फिरत बसतं आणि दुसऱ्यालाही तेवढाच जोर मिळतो. धावपट्टीवर एका चाकाखाली धूळ आली की दोन्ही गेली. पण त्याआधी, बहुधा जवळजवळ फुकटात, एक काम होईल. ज्याने रिमॅप केलंय त्याच्याकडे परत जा आणि पहिल्या गिअरमध्ये टॉर्क १४०-१५० वर अडवता येतो का विचार. दुसऱ्यात २००, तिसऱ्यापासून सगळा. अनेक ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, गिअरप्रमाणे मर्यादा घालता येते. वाढवलेली ताकद परत कमी करून मागायला जीवावर येतं, मला माहीत आहे. पण वरच्या गिअरमध्ये ती तुझीच आहे, तिथे टायर ती घेऊ शकतं.

लाइनवर उभं राहण्याचं एक बारीक गणित आहे. वरचे प्री-स्टेजचे, म्हणजे गाडी लाइनजवळ आल्याचे, दिवे लागले की इंच-इंच पुढे सरक, स्टेजचे दिवे लागताच थांब. पुढे घुसू नकोस. अशी उभी केलेली गाडी स्टेजच्या किरणातून बाहेर पडेपर्यंत साधारण फूटभर आधीच धावलेली असते, आणि घड्याळ त्यानंतर सुरू होतं. हिरव्या दिव्याला उशिरा निघालास तरी तुझा धावेचा वेळ बदलत नाही, ती प्रतिक्रिया वेगळी मोजतात. म्हणून सराव करत असताना दिव्याची चिंता सोड, सोडण्याकडे लक्ष दे.

कुणाकडे मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर वजनाबद्दलचं मी सांगितलेलं उलटं करायचं. तिथे बैल मागे आहेत, गाडी उलाळ झाली तर चांगलंच. पुढचा रिबाउंड मऊ, डिकीतलं वजन राहू दे, हवा मागच्या टायरची कमी. पायाचं काम मात्र तेच.

आता जागा. पुणे-बंगळुरू हायवेवर, तवंदी घाट उतरल्यावर किंवा हत्तरगी टोलच्या पुढे, रात्री पोरं काय करतात ते मला माहीत आहे. तू त्यात असशील तर आजपासून बंद कर. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे एक दिवा नाही, सर्व्हिस रोडवरून सरळ हायवेवर येतो. १२० च्या वेगात तो दिसेपर्यंत तुझ्या हातात काही राहिलेलं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळंच. मी माझ्या ओळखीतला एक मुलगा असा गमावलाय, त्याची गाडी मीच बांधली होती.

आणि लॉन्च शिकायला हायवे लागतच नाही. साठ फूट पळायचं आणि थांबायचं, शंभर मीटर सपाट खासगी जागा पुरते. उद्यमबागेत एका ओळखीच्या फाउंड्रीचं काँक्रीटचं आवार रविवारी बंद असतं, मालकाची परवानगी घेऊन आम्ही तिथे सराव करतो. वाळू झाडून काढायला अर्धा तास जातो, तो घालवायचा. हेल्मेट, सीटबेल्ट, अग्निशामक, आणि लेनच्या बाजूला कुणीही उभं नाही. पाय बसला की मग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा धावपट्टीवर जिथे अधिकृत स्पर्धा असेल तिथे नाव दे. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींची संघटना, तिच्या स्पर्धेला लायसन्स लागतं, त्याची चौकशी आधी कर.

रविवारी येणार असशील तर सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. पुढच्या टायरमध्ये ३२ घेऊनच ये, कमी आपण तिथे करू, आणि निघण्याआधी परत भरू. मी फूटपंप आणतो. पुढच्या २७ वर वंटमुरी घाटातली वळणं घेत निपाणीपर्यंत मी तुला जाऊ देणार नाही. खडू आणि टेप माझ्याकडे आहे. तू कॅमेरा आण आणि एक कोरी वही.